मैनेचा विमा आणि फेट्यातले साहेब

नाशिकच्या पंचवटीत कुणालाही विचारा, या पुंजाराम घोडीवाल्याची मैना घोडी म्हणजे निव्वळ गाय! बारा वर्षांत एक नवरदेव पाडला नाही तिने. एकदोन स्वतःच घसरले असतील, त्याला ती बिचारी काय करणार?

पण २००१ सालच्या लग्नसराईत दिंडोरी रोडवरच्या मंगल कार्यालयाचे मॅनेजर सहादूआप्पा अडून बसले. आमच्या सगळ्या वराती त्यांच्याच दारात उतरायच्या!

"पुंजाराम, कुणाला लाथ लागली तर निस्तरायचं कुणी? सोमवारपर्यंत विम्याचा कागद आण. नाहीतर यंदा घोडी बंद. नवरदेव मोटारीतून येतील!"

मोटारीतून! अहो, मोटारीतून काय, पेशंटसुद्धा येतो!

अख्खा सीझन हातचा जाणार म्हणून मी विम्याच्या दिनेश साहेबांना घरी बोलावलं. पोरगेलासा माणूस, नुकतंच लग्न झालेला. त्यांनी बॅगेतून दोन पॉलिसींचे कागद काढले आणि माझं कुतूहल चाळवलं.

"साहेब, हे थर्ड पार्टी म्हणजे कोण?"

"पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी, तिसरी ज्याला इजा होईल तो."

"मग मैना कितवी?"

साहेबांनी खरोखर अर्ज उलटून पाहिला. "ती पार्टी नाही, काका. ती जोखीम."

मैनेला मी हे सांगितलं नाही. उगाच मनाला लावून घेतलं असतं तिने.

"लहान पॉलिसीत रस्त्यावरची माणसं येतात, मोठीत वर बसणाराही येतो. कुठली लिहू?"

आतून आमची यशोदा ओरडली, "अहो, मोठी घ्या!"

"तू गप गं! बसणारा पडतोच कशाला? लहान लिहा, साहेब!"

"अर्जाला घोडीवर माणूस बसलेला फोटो लागतो."

"मग तुम्हीच बसा की! बघा तरी, कशी गाय आहे!"

आता पहिल्यांदा घरी आलेला साहेब, त्याचा सत्कार नको? शाल दिली, नारळ दिला आणि फेटा बांधला. आमच्या घरात फेटा एकाच जातीचा, नवरदेवाचा, तुऱ्यासकट! साहेब वर चढले. त्यांचा कॅमेरा धरायला दोन्ही हात लागले, म्हणून मी लगाम सोडला.

मैनेने मान वळवली. फेटा पाहिला. आणि निघाली! फेटेवाला पाठीवर बसला की कार्यालय गाठायचं, बारा वर्षं एवढंच शिकली होती ती. एरवी बँडमागे मुंगीच्या पावलाने चालते. आज पुढे बँडच नाही, मग काय, दुडकी!

"काका, ब्रेक कुठाय?" साहेब ओरडले.

"आयाळ धरा!" मी मागून पळत.

निमाणी स्टँडपाशी सिटी बस थांबली, रिक्षावाल्यांनी वाट दिली. नवरदेवाला कोण अडवणार?

कार्यालयाच्या दारात वधूची आई तासभर ताट घेऊन उभी होती. मोटारीतला नवरदेव कुठेतरी अडकलेला. फेटा दिसला, तोंड कोण बघतो, तिने ओवाळायलाच घेतलं!

"अहो, मी विम्याचा माणूस!"

"कुठे का नोकरी असेना, आधी तोंड गोड करा!" कुंकू लागलं, पेढा तोंडात गेला, फोटोग्राफरने फ्लॅश मारला.

ओवाळणं झालं की मैना पुढचे गुडघे टेकून मुजरा करते. मीच शिकवलंय, लोक टाळ्या वाजवतात. साहेबांना हे कुठून माहीत? ते मानेवरून सरकत थेट रांगोळीत!

सहादूआप्पा धावत आले. झालं, संपला पुंजाराम!

साहेब उठले नाहीत. फेटा एका डोळ्यावर, पाय मुरगळलेला. तसंच बसून त्यांनी खिशातून अर्ज काढला. "काका, लहान की मोठी?"

"मोठी! मोठी!"

तेवढ्यात हॉर्न वाजवत मोटार आली. खरा नवरदेव उतरला. वधूची आई ताट घेऊन चक्रावली. "अगंबाई, आता हा कोण?"

सहादूआप्पांनी घड्याळ पाहिलं, मैनेकडे पाहिलं. "मोटारीपेक्षा वेळेवर आली की रे! पण कागद सोमवारी पाहिजेच."

कागद शनिवारीच आला! मी काढलेल्या फोटोत नुसती मैनेची शेपटी आली होती, म्हणून अर्जाला फोटोग्राफरचाच फोटो लावला. फेटा, कुंकू, सासूबाई, पेढा, सगळं झकास! खूश होऊन त्याची मोठी प्रत मी साहेबांच्या घरच्या पत्त्यावर पाठवली. पाकीट त्यांच्या बायकोने, हर्षालीताईंनी, फोडलं.

दोन दिवसांनी साहेब लंगडत दारात. हातात कपड्यांची पिशवी.

"काका, तुमच्या तबेल्यात चार दिवस राहू का?"

"अहो, पण तुमचा विमा असेल ना?"

"या जोखमीची पॉलिसीच निघत नाही, काका."

मैनेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मी आधी खुंटीवरचा फेटा काढला आणि माळ्यावर टाकला.