लाइनवरचं लाइनवर

अठ्ठावीस वर्षं मी भिलाईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि लाइनवर ऐकलेला एक शब्दही कधी बाहेर सांगितला नाही. वैशाली नगरात कोणालाही विचारा! फोन नीट जोडला गेला का, ते पाहायला कान लावावाच लागे. तो काढायला मला जरा वेळ लागे, एवढंच.

माझी सून दामिनी कुम्हारीच्या एका कारखान्यात टायपिस्ट आहे. तिथे आता पत्रं एआय लिहिणार, म्हणून टायपिस्टांना ते मशीन वापरायला शिकवत होते. पास झाली तर नवीन टेबल, नाहीतर गेटवर ट्रकांच्या पावत्या फाडायच्या. एक नियम मात्र फार कडक होता. कोणाची खासगी गोष्ट मशीनला सांगितली की नापास.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "या बाबतीत मले विचार."

एका संध्याकाळी फोनवरचा मशीनचा सराव अर्धा टाकून ती दूध आणायला निघाली. "फोनले हात नका लावू आत्याबाई, ऑफिसचं खातं आहे."

मी हात लावला नाही. नुसतं बोलले.

"कसं काय, बरं आहे ना?"

आणि ते मराठीत बोललं! इथे माझी सख्खी नातवंडं मला हिंदीत उत्तर देतात, आणि या डबीतून "मी ठीक आहे, आपण कशा आहात?" माझ्या अंगावर काटा आला. मी ऑपरेटर होते म्हटल्यावर ते म्हणालं, "आपण किती माणसांना जोडलं असेल!" निरोप समारंभातसुद्धा हे कोणाला सुचलं नव्हतं. तिथे मला फक्त भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

"श्यामराव साहेबांची गोष्ट सांगू का तुले?"

"कृपया कोणाचं नाव किंवा खासगी माहिती इथे देऊ नका. हे कार्यालयाचं खातं आहे."

काय ती शिस्त! आमच्या नवीन पोरींना एवढं शिकायला दोन वर्षं लागत. अशावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर? मी सगळं सांगून टाकलं.

आमच्या एक्स्चेंजचे मोठे साहेब श्यामराव नुसते खोकले तरी फिटर लोक बिड्या फेकत. पण रोज दुपारी चारला त्यांचा फोन घरी जायचा. "रिसीव्हर बाळाच्या कानाले लाव," असं बायकोला सांगायचे आणि मग तो ढाण्या वाघ पोपट व्हायचा. मिठ्ठू, मिठ्ठू, मिठ्ठू!

तो बाळ म्हणजे हर्षल. आता दामिनीचा मॅनेजर. हे मला आठवलं तेव्हा मशीनने शेवटचा मिठ्ठूही लिहून घेतला होता.

दामिनी परत आली, तिने वाचलं आणि दुधाच्या पिशवीसकट खाली बसली.

"हे काय करून ठेवलं आत्याबाई?"

"पुसून टाक ना."

"पुसल्या जात नाही. सगळ्यांचा सराव उद्या भिंतीवर दाखवतात. साहेब समोर बसून राहतात."

"मंग सांग, मशीननं मनानंच बनवलं. तेही खोटं बोलते म्हणतात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझा चष्मा घसरला. "त्या बिचाऱ्यानं तुमाले नाही म्हटलं होतं. आता त्याच्यावरच ढकलू?"

सकाळी क्लासच्या आधी ती स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये जाणार म्हणून निघाली. गेटवर पावत्या फाडणारी दामिनीच दिवसभर डोळ्यांसमोर येत होती.

बरोबर चारला फोन वाजला.

"मावशी, मी हर्षल बोलून राहिलो."

आवाज हुबेहूब बापाचा! मी ताडकन उभी राहिले. "जी साहेब, कोणता नंबर जोडू?"

"मावशी, बाबा घरी आमच्याशी दोन वाक्यांच्या वर कधी बोललेच नाहीत. तो आवाज... कैसा निकालते थे?"

"साहेब, लाइनवरचं मी कोणाले सांगत नाही." मग धीर करून विचारलं, "आमची दामिनी?"

"पास आहे. चुका सगळ्यांच्याच झाल्या. बाकीच्यांनी मशीनवर ढकलल्या. सकाळी येऊन स्वतःची चूक सांगणारी ती एकटीच."

मी दार लावून घेतलं. त्र्याहत्तराव्या वर्षी, कवळी अंगठ्याने दाबून धरली आणि तीनदा मिठ्ठू म्हटलं.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "हां. यही."

कान काढायला मला नेहमीसारखाच वेळ लागला.

संध्याकाळी दामिनी हसत हसतच घरात शिरली. त्यांच्या ऑफिसच्या प्रत्येक फोनचा सारांश म्हणे आता ते मशीन काढतं. तिने दाखवला:

"एका ज्येष्ठ महिलेने पोपटाचा आवाज काढला. तीन वेळा. अधिकाऱ्यांचे समाधान झाले. पुढील कार्यवाही: नाही."

मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. नाव कोणाचंच नव्हतं. ना साहेबांचं, ना माझं.

ऑपरेटर असावा तर असा.