सगळ्यात चविष्टतम लाक्सा

"तो बोर्ड आज मी सुधारणार म्हणजे सुधारणार!" चिक्गू महादींनी चहाचा कप आपटून जाहीर केलं.

मलय भाषा शिकवता शिकवता त्यांचे केस गेले, दात गेले, पण लाल शाईची खोड गेली नाही. निवृत्तीनंतरही मलेशियातल्या क्वाला कांग्सार गावातलं लहानथोर त्यांना चिक्गू, म्हणजे मास्तर, म्हणूनच हाक मारी.

"अहो, लोक तिथे लाक्सा खायला जातात, बोर्ड वाचायला नाही," बायको रुबिया थकलेल्या आवाजात म्हणाली.

नदीकाठी माक जारा लाक्सा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, विकायची; तिच्या टपरीवर झोकात लिहिलं होतं, 'लाक्सा पालिंग तरसदाप'. आता 'सदाप' म्हणजे चविष्ट. त्याच्याआधी 'पालिंग' लिहा, नाहीतर त्याला 'तर' चिकटवा. दोन्हींचा अर्थ एकच, सगळ्यात चविष्ट. दोन्ही एकदम म्हणजे टोपीवर टोपी! चिक्गूंचा जीव रोज तिथे अडखळायचा.

त्यांनी माक जाराला तासभर पटवलं. शेवटी ती जांभई देत म्हणाली, "खोडा बाई एकदाचं!" पेंटर आ लियोंगने 'पालिंग' पुसलं. चिक्गूंना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

ती कुलुप नावाच्या समोरच्या टपरीवाल्याने उडवली.

"ऐकलंत का?" तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. "तरजातुह म्हणजे चुकून पडला. तरतिदुर म्हणजे चुकून डोळा लागला. मग तरसदाप म्हणजे काय? चुकून चविष्ट झालेला!"

लोक पोट धरून हसले आणि हसता हसता कुलुपकडेच जेवायला बसले. माक जारा बाह्या सरसावून थेट चिक्गूंच्या दारात!

"चिक्गू, माझा लाक्सा चुकून चांगला होतो?"

"अहो, तो 'तर' क्रियापदाचा! विशेषणाला लागला की—"

"विशेषण गेलं खड्ड्यात! सणाचे दिवस आहेत आणि माझं पातेलं भरलेलं आहे!"

चिक्गूंनी सुस्कारा टाकला. 'तर' पुसा, 'पालिंग सदाप' लिहा. आ लियोंगने लिहिलं. संध्याकाळी कुलुप पुन्हा सुरू!

"पालिंग! म्हणजे तोंड फिरवा! बाई स्वतःच सांगतेय, मंडळी, इकडे फिरा!"

आणि खरंच, पालिंगचा तोही अर्थ होतो. मंडळी फिरली.

त्या रात्री चिक्गू कोऱ्या भिंतीकडे बघत बसले. रुबियाने पांघरूण टाकलं. "सोडा ना आता. कुठवर दमणार?"

"एकच वाट उरलीये," ते पुटपुटले. "शब्दानंतर 'सकाली' लावायचं. सदाप सकाली. अत्यंत चविष्ट! यात तो काय काढणार?"

कुलुपला श्वास घ्यायचीसुद्धा गरज पडली नाही. "सकाली म्हणजे एकदा! एकदाच चविष्ट! काल होता, आज नाही!"

आता माक जारा भांडायलाही आली नाही. रिकाम्या बाकावर ती गालावर हात ठेवून बसलेली दिसली, तेव्हा चिक्गू तडक आ लियोंगकडे गेले. साऱ्या व्याकरणाचा त्यांना वीट आला होता.

"लियोंग," ते म्हणाले, "तिला हवं ते लिही बाबा. मी काही बोलणार नाही."

"बरं होईल!" आ लियोंग ब्रश झटकत म्हणाला. "फळीपेक्षा रंगच जाड झालाय, चिक्गू!"

दुसऱ्या दिवशी नदीकाठी ही गर्दी! बोर्डावर हातभर अक्षरं झळकत होती, 'पालिंग तरसदाप सकाली'. तिन्ही एकदम! त्यावर काय बोलावं ते कुलुपलाही सुचेना. एवढं छातीठोक लिहिलंय म्हटल्यावर लोक खायला बसले आणि मिटक्या मारत राहिले. लाक्सा होताच तसा.

माक जाराने चिक्गूंना हाताला धरून बसवलं, वाडगा पुढे केला. ते पहिला घास घेणार, एवढ्यात त्यांच्या जुन्या मुख्याध्यापकांनी स्कूटर थांबवली. बोर्ड वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला, या खेपेला खालची बारीक ओळसुद्धा. मग चिक्गूंकडे असं पाहिलं, की त्यांनी घास परत वाडग्यात सोडला.

चिक्गूंनी मान वाकडी करून वर बघितलं. बोर्डाच्या तळाशी लिहिलं होतं, 'भाषा तपासली: चिक्गू महादी'.

"लाजता काय!" माक जारा प्रेमाने म्हणाली. "एवढे कष्ट घेतलेत. नाव नको का लागायला?"