दौलतभाऊंचं नख

दौलतभाऊंच्या उजव्या अंगठ्याचं नख पाऊण इंच वाढलेलं होतं आणि सगळं लोणार त्या नखाला वचकून असे. भाऊ कापसाचे अडते. सरकी फोडून कपाशीची जात ओळखायला नख लागतं, असं ते सांगत. पण धंदा पुतण्याच्या हाती सोपवून वर्षं लोटली, तरी नख काही रिटायर झालं नाही. बाजारात भोपळ्याला नख, लग्नाच्या मांडवात आंब्याच्या डहाळीला नख. एकदा माझ्याकडे चहाला आले आणि बसण्याआधी खुर्चीच्या हाताला नख मारून म्हणाले, "मास्तर, सागवान म्हून बाभूळ गळ्यात मारली तुमच्या." ती खुर्ची मी सहा वर्षं पाहुण्यांना कौतुकानं दाखवत होतो.

दुसरी ख्याती चिकटपणाची. गणपतीची वर्गणी मागायला गेलेली पोरं भाऊंच्या ओट्यावरून नुसतं पाणी पिऊन परत येत. भाऊ एकटेच राहत. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर म्हणत, "भाव पटला नाही."

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि जो तो काहीतरी करायला निघाला होता. आमच्या तरुण मंडळाच्या पोरांनी शाळेमागच्या बोडक्या टेकडीवर रान उभं करायचं ठरवलं. मी मंडळाचा चिटणीस. अडचण पाण्याची. गावाला एवढं थोरलं तळं, पण पाणी खारं; झाडाला घातलं तर झाड आटोपायचं. टेकडीखाली गोड्या पाण्याची विहीर होती, पण पाणी वर चढवायला इंजिन हवं. ते कोण देणार? कोणीतरी चेष्टेनं दौलतभाऊंचं नाव घेतलं आणि पोरं खरंच गेली.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "लावाले अक्कल लागत नाही बे पोट्टेहो, जगवाले लागते. पंचवीस झाडं लावा. एक उन्हाळा खांद्यावर पाणी वाहून जगवा. मिरगाच्या आधी मी येईन. पंचवीसच्या पंचवीस जिते असले तर खामगावहून इंजिन आणून देतो. एक जरी मेलं, तं राम राम!"

पोरांनी कडुलिंब लावले. पोरं चोवीस, म्हणून ज्याच्या त्याच्या नावाच्या पाट्याही चोवीस. पंचविसाव्या झाडाला कोणी वाली नव्हता, तेव्हा त्याच्या पाटीवर 'दौलतभाऊ' लिहून टाकलं. त्यात थोडी थट्टा होती, थोडा मस्का. भाऊंनी पाटी वाचली, "हं" म्हणाले आणि निघून गेले.

मग दर शुक्रवारी तपासणी सुरू झाली. काठी टेकत टेकडी चढायची, सालीवर नख ओढायचं, आत हिरवं दिसलं की म्हणायचं, "जितं हाय." मग पुढचं झाड. "भाऊ, उन्हानं नाही, तुमच्या नखानंच मरतील ही," असं मी म्हणून पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा ओरखडा मलाच पडणार असं वाटलं.

ऐन वैशाखात मात्र भाऊ यायचे बंद झाले. गुडघे धरलेत, असा निरोप आला. आणि त्याच आठवड्यात मंडळाचा वसंता धापा टाकत माझ्या दारात उभा राहिला.

"मास्तर, एक झाड मेलं."

"कोणाचं?"

"त्यायचंच. दौलतभाऊचं."

माझ्या तोंडून निघालं, "गेलं इंजिन!"

"इंजिन गेलं चुलीत, मास्तर. म्हाताऱ्याले कसं सांगाचं का तुमचंच मेलं म्हून? मनाले लावून घेईन तो."

मला माझी लाज वाटली. माझ्या अंगणात डालड्याच्या डब्यात एक कडुलिंब वाढत होता, उंचीला तेवढाच. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या हातानं डबा कापून दिला. भर दुपारी, गाव आडवं झालेलं असताना, पोरांनी अदलाबदल केली आणि उकरलेल्या मातीवर पाचोळा पसरला.

मिरगाच्या दोन दिवस आधी भाऊ आले. चोवीस झाडांना नख लागलं, चोवीस वेळा "जितं हाय" झालं. पंचविसाव्यापाशी ते थांबले. अंगठा पुढे नेला. झाडाकडे पाहिलं, पाचोळ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे नजर लावून उभ्या असलेल्या पोरांकडे पाहिलं. आणि अंगठा मुठीत मिटून घेतला.

"जितं हाय," ते म्हणाले. "उद्या खामगावले चाला."

इंजिन आलं. पाणी टेकडीवर चढलं त्या दिवशी पोरं त्यात नाचली. मी आणि भाऊ बाजूला दगडावर बसलो होतो. मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, तुमचं ते झाड..."

"तुमच्या डालड्याच्या डब्यातलं. मालूम हाय."

"मग इंजिन का दिलंत? अट तर मोडली होती."

भाऊंनी नख चोळलं. "माह्या झाडाले मी रोज दिवस निंगाच्या आधी तांब्याभर पाणी घालाले येत होतो, मास्तर. कोणाले सांगतलं नाही. ते मेलं, हे पयले मीच पाह्यलं. मंग टेकडी चढाची हिंमतच झाली नाही. वाटलं, आपलं मेलेलं कोणाच्या ध्यानातबी येनार नाही."

भाऊ पोरांकडे पाहत होते.

"आन् या पोट्ट्यायनं मले पुन्हा लावलं."