धूसर सासरे

कॉम्प्युटरवर सासरे लख्ख होते. टीव्हीवर मात्र ते धुक्यातून चालत आल्यासारखे दिसत होते, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाने धुक्यातून चालत येणं काही बरं दिसत नाही.

“अहो, यात बाबा कुठे आहेत?” बायकोने विचारलं.

“हे काय, मधोमध!”

“हे बाबा आहेत? मला वाटलं कपाट.”

धाकटे जावई टीव्हीच्या आणखी जवळ सरकले. बाबा म्हणजे त्यांचे सासरे. साधेसुधे नव्हेत, गावभर नाव असलेले चष्मेवाले. आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून झटलेल्या माणसाच्या दुकानाला पन्नास वर्षं होत होती, रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये सोहळा होता, आणि त्यात मोठ्या पडद्यावर दाखवायची फिल्म अशी झाली होती की बघणाऱ्याने आधी डोळे चोळावेत.

हे काम त्यांनी स्वतः ओढवून घेतलं होतं. आपल्या विमा कंपनीतल्या सहलीची फिल्म त्यांनी एकदा कॉम्प्युटरवर जोडली होती, तिचं साहेबांनी कौतुक केलं होतं, आणि तेव्हापासून ते स्वतःला दिग्दर्शक समजत होते. पण खरं कारण वेगळं होतं. सासरी थोरल्या जावयांना सगळे ‘जावईबापू’ म्हणत. थोरले इमारती बांधत, हॉल त्यांच्याच ओळखीने मिळाला होता. धाकट्यांना मात्र सासरे ‘अहो, तुम्ही’ म्हणत, आणि त्यापुढे बहुतेक वेळा ‘जरा सरका’ येई. एकदा तरी त्या तोंडून ‘जावईबापू’ ऐकायचं, एवढीच त्यांची हौस होती. या फिल्मवर त्यांनी सगळी आशा लावली होती.

चित्रीकरण दुकानातच झालं. सासऱ्यांना काउंटरमागच्या खुर्चीत बसवलं, मागे चष्म्याच्या दुकानात असतात तसे भिंतभर आरसे, समोर दिवा. फक्त सासऱ्यांच्या जाड काळ्या फ्रेमच्या चष्म्यात दिवा भलताच चमकू लागला.

“बाबा, तेवढा चष्मा काढाल का?”

सासरे बिचकले. अंघोळीची वेळ सोडली तर त्यांना चष्म्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तो उतरवला आणि हात पुढे करून काउंटर चाचपडला. “झालं! आता मला काही म्हणता काही दिसत नाही. अहो, तुम्ही आहात कुठे?”

“इथेच, कॅमेऱ्यामागे.”

“असाल. मी आपला आवाजाच्या दिशेने बोलतो.”

आणि त्यांनी पहिल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली. ते गिऱ्हाईक पत्ता विचारायला आलं होतं आणि चष्मा घेऊन गेलं. ही गोष्ट घरात इतक्यांदा झाली होती की ती कुठे थांबते, कुठे बोट वर होतं, कुठे डावी भुवई चढते, सगळं धाकट्यांना पाठ होतं. समोर काही न दिसणारा सासरा आणि आपण कॅमेऱ्यामागे! लग्न झाल्यापासून मनात दाबून ठेवलेली इच्छा उसळून आली. सासऱ्यांनी बोट वर केलं की धाकट्यांनीही केलं. त्यांनी गाल फुगवले की यांनी दुप्पट फुगवले. आवाज तेवढा काढला नाही, बाकी काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. गोष्ट संपली तेव्हा दोघेही सारखेच दमले होते.

तर अशी मेहनतीने केलेली फिल्म आता टीव्हीवर मलूल होऊन पडली होती. धाकट्यांनी आधी टीव्ही पुसला. मग वायर बदलली. मग “टीव्हीच जुना आहे,” असा निकाल देऊन फिल्म घरच्या सगळ्यांना फोनवर पाठवली. फोनवर ती आणखी आकसून पोचली.

सासूबाईंचा लगेच फोन आला. “छान झालीय हो! पण यांच्या मागे ते पांढरं पांढरं काय हलतंय? पडदा आहे का?”

“पडदाच असेल,” धाकटे म्हणाले. मागे बघायला त्यांना सवड कुठे होती? ते पुढच्याच काळजीत होते.

पाठोपाठ सासऱ्यांचा निरोप आला. लगेच दुकानात या.

धाकटे गेले. सासऱ्यांनी त्यांना डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि दिवा घालवला.

“बाबा, माझे डोळे चांगले आहेत.”

“चांगल्या डोळ्यांचा माणूस असली फिल्म बनवत नाही. शेवटची ओळ वाचा.”

धाकट्यांनी ती घडाघडा वाचली.

“वाचलीत खरी, पण डोळे बारीक करून वाचलीत.” सासऱ्यांनी काचा बदलल्या. “आता बरं, की मघाशी बरं?”

“आता... म्हणजे मघाशीही... दोन्ही सारखंच बरं आहे.”

“हेच ते लक्षण,” सासरे गंभीरपणे म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जावयाच्या नाकावर स्वतःच्या हाताने एक जाड काळ्या फ्रेमचा चष्मा चढवला. अगदी त्यांच्यासारखाच. सासऱ्यांनी मायेने काही देण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे धाकट्यांना गहिवरून आलं. रस्त्याने परत येताना त्यांना झाडांची पानं सुटी सुटी दिसली, दुकानांच्या पाट्या उठून दिसल्या.

“इतकी वर्षं मी आंधळाच होतो गं!” ते घरात शिरता शिरता बायकोला म्हणाले.

“मला माहीतच होतं,” ती म्हणाली. “कपाटातला टॉवेल तुम्हाला कधी दिसला नाही.”

नव्या चष्म्यातून त्यांनी फिल्म पुन्हा लावली. सासरे आता स्पष्टपणे धूसर दिसू लागले.

मग मात्र धाकटे इरेला पेटले. कॉम्प्युटरवर फिल्म बाहेर काढायच्या खिडकीत ‘दर्जा’ नावाचा एक सरकता गोल होता, तो त्यांनी भिंतीला टेकेपर्यंत उजवीकडे ढकलला. कॉम्प्युटर दुपारभर घरघरत बसला आणि त्याने एवढी मोठी फाईल दिली की ती पेनड्राइव्हमध्ये मावेना. म्हणून त्यांनी ती लहान करणारं दुसरं एक फुकटचं सॉफ्टवेअर आणलं. त्याने फाईल लहान केली, पण ‘विकत घ्या’ असा शिक्का सासऱ्यांच्या कपाळावर उमटवला. तो काढायला तिसरं आणलं. त्याने शिक्का पुसला, आणि त्याबरोबर कपाळही पुसलं. मग रंग गडद करून पाहिले, तर सासरे धूसरच राहिले, फक्त उन्हात भाजल्यासारखे झाले.

“साहेबांना कशी आवडली होती मग तुमची फिल्म?” बायकोने विचारलं.

“त्यात साहेब होते म्हणून.”

शनिवारी थोरले जावई हॉलच्या व्यवस्थेचं बोलायला आले आणि फिल्म बघायला बसले. फिल्मची सुरुवात त्यांच्याच शुभेच्छांनी होत होती. सासूबाईंचा तसा हुकूमच होता, थोरल्यांचा मान आधी. थोरल्यांनी त्या शुभेच्छा कामावरून गडबडीत फोनवर बोलून पाठवल्या होत्या, त्यात निम्मं तोंड आणि बाकी हेल्मेट होतं.

“काय साडूभाऊ, उगाच घाबरताय! माझं तर छान आलंय की. पाठवलं तेव्हा दिसत होतं तस्सं!”

“तुमचं तेवढं तस्सं आलंय,” बायको म्हणाली, “आणि बाकीच्या सगळ्यांचं तुमच्यासारखं झालंय.”

धाकट्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला फिल्म जोडण्यातलं काही कळत नव्हतं, पण नीट बघत मात्र होती. तिने पुढे विचारलं, “अहो, पहिल्या दिवशी भाऊजींचा तुकडा टाकलात, तेव्हा एक चौकट आली होती ना? तुम्ही न वाचताच ‘हो’ केलंत. काय लिहिलं होतं त्यात?”

आता नवी सुरुवात करून पाहिली. थोरल्यांचा तुकडा टाकला, चौकट आली. पहिल्या तुकड्याचं जे माप असेल तेच सगळ्या फिल्मला लावायचं का, असं ती नम्रपणे विचारत होती. फोनवरून आलेला थोरल्यांचा तुकडा होता टिचभर. त्यांना मान दिला आणि त्यांच्या टिचभर मापात सासरे, दुकान, पन्नास वर्षं, सगळं कोंबलं गेलं. कॉम्प्युटरच्या छोट्या खिडकीत ते खपून गेलं, आणि टीव्हीवर ताणलं की विरलं. विमा कंपनीत दिवसभर ‘वाचून सही करा’ म्हणून लोकांच्या अंगावर खेकसणाऱ्या धाकट्या जावयांनी ती चौकट आता पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली.

“म्हणजे माझ्यामुळे झालं म्हणता?” थोरले जरा दुखावले.

“छे छे, तुमच्या मानामुळे,” धाकटे म्हणाले. आतून त्यांना फार बरं वाटलं.

उपाय सोपा होता. आधी सासऱ्यांचा मोठा तुकडा टाकला, त्याच्या मापाला ‘हो’ म्हटलं, बाकीचं मागून जोडलं, आणि शेवटी थोरल्यांना अलगद उचलून पुढे नेऊन बसवलं. रविवारी हॉलला निघता निघता फाईल तयार झाली. धाकट्यांनी घाईघाईत टीव्हीवर सासऱ्यांची सुरुवात तेवढी पाहिली. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा! त्यांनी बायकोला आनंदाने हाक मारली आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला.

हॉल भरला होता. सासरे पहिल्या रांगेत मधोमध, शेजारी सासूबाई. लॅपटॉपपाशी थोरले बसले होते, कारण हॉल त्यांच्या ओळखीचा होता. धाकटे नवा चष्मा सावरत सासऱ्यांच्या मागच्याच खुर्चीत बसले. तिथून ‘जावईबापू’ नीट ऐकू आलं असतं.

थोरल्यांचं हेल्मेट येऊन गेलं आणि पडदाभर सासरे उजळले. लोकांच्या तोंडून ‘वा!’ निघालं. गोष्टीतलं पहिलं गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि कुणीतरी खुदकन हसलं. धाकट्यांना वाटलं, गोष्ट रंगतेय. सासऱ्यांचं बोट वर गेलं, तसे आणखी चारजण हसले. गाल फुगले तेव्हा अख्खा हॉल खो खो हसत होता. एवढी काही ती गोष्ट विनोदी नाही, असं धाकट्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पहिल्यांदाच पडद्यावरच्या सासऱ्यांच्या मागे पाहिलं.

मागच्या आरशात, माणसाएवढे आणि लख्ख, ते स्वतः होते. बोट वर, भुवई चढलेली, गाल सासऱ्यांच्या दुप्पट.

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या, “हा तर तो पडदा!”

धाकटे वायर ओढायला धावले. थोरल्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरला. “असू द्या साडूभाऊ. आता कुठे स्पष्ट दिसायला लागलंय.”

गोष्ट पूर्ण होईपर्यंत धाकट्यांना उभ्याउभ्याच ते सारं बघावं लागलं. भुईत शिरावं तर हॉलला फरशी होती. सासरे मात्र ढिम्म बसले होते. फिल्म संपली, टाळ्या संपेनात, आणि त्या गडबडीत त्यांनी धाकट्यांना बोटाने जवळ बोलावलं.

“बाबा, मला माफ करा. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून मी...”

“दिसत नव्हतं?” सासऱ्यांनी इकडे तिकडे पाहून चष्मा उतरवला आणि त्यांच्या हातात दिला. “लावून बघा.”

धाकट्यांनी आपला कपाळावर सरकवून तो क्षणभर लावून पाहिला. हॉल जसा होता तसाच दिसला. “बाबा, याला तर नंबरच नाही!”

“हळू बोला! मला कधीच नव्हता. पण बिनचष्म्याच्या चष्मेवाल्याकडे कोण येणार? म्हणून पहिल्या दिवसापासून लावतो. तुमच्या सासूबाईंनाही ठाऊक नाही.”

“म्हणजे त्या दिवशी दुकानात तुम्हाला...”

“सगळं दिसत होतं. भुवई जरा जास्त चढवता तुम्ही.”

धाकट्यांनी घाम पुसायला कपाळावरचा स्वतःचा चष्मा काढला. त्याच्या काचेतून त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग काचेशिवाय पाहिलं. दिवा तेवढाच होता. झाडांची सुटी सुटी पानं आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा... हाही?”

सासऱ्यांनी आपला चष्मा परत घेतला, नीट पुसून डोळ्यांवर चढवला आणि प्रेमाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“नक्कल माझी करता ना, जावईबापू? मग म्हटलं, चष्माही माझ्यासारखाच द्यावा.”