साठवणे मास्तरांचं 'आपोआप'

साठवणे मास्तरांच्या पुढे पाण्याचा गडू ठेवला की ते आधी तो उजेडात धरत, मग नाकाशी नेत आणि मग यजमानाला विचारत, "ह्या पान्याचं खानदान कोनतं जी?" विहीर कोणाची, वरच्या अंगाला गोठा कोणाचा, मोरी कुठे वाहते, एवढी चौकशी होईपर्यंत मागून आलेला चहा निवून जाई. आमच्या सौसर गावात त्यांना पाणी विचारणं लोकांनी सोडूनच दिलं होतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांचा पेला चुकवून पुढे सरकत.

आमच्या सरकारी शाळेत ते सायन्स शिकवत, मी मराठी. घरं भिंतीला भिंत लागून. त्यामुळे त्यांचं शास्त्र मला घरबसल्या मिळे, बहुतेक वासाच्या रूपाने; माझ्या शिव्याही त्यांना तशाच घरबसल्या मिळत.

मास्तरांचं म्हणणं असं, की पाण्यातलं विष फार थोडं असतं. पिंपभर पाणी गाळून, आटवून वाटीभर केलं तरच ते पकडीत येतं. आणि हे काम माणसावर सोडायचं नाही. "एक मानूस घाईत आटवते, दुसरा झोपीत आटवते. मंग काय सापडनार, डोंबल? हे आपोआप झालं पाहिजे!" 'आपोआप' हा त्यांचा लाडका शब्द. पोरांना गणित आपोआप यावं, मुख्याध्यापकांना अक्कल आपोआप यावी.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी अंगणात यंत्र उभं केलं. उंचावर रांजण. त्यातून रॉकेलच्या डब्यात थेंब थेंब पाणी पडे. डबा भरला की आडवी बल्ली तराजूसारखी कलंडे, दुसऱ्या टोकाची, पिंपात बुडालेली पळी वर उठे आणि तपासायचं पाणी फडक्यातून गाळून चुलीवरच्या चिनी मातीच्या वाडग्यात ओती. डबा आपला रिकामा होऊन पुन्हा जागेवर. माणसाचा हात म्हणून लागायचा नाही.

फक्त रांजण भरावा लागे. तो मास्तरांच्या पत्नी शांतावहिनी भरत. चूल पेटती ठेवावी लागे. तीही वहिनीच ठेवत. वाटीभर पाण्याची परीक्षा घ्यायला त्या दिवसभर विहिरीवरून हंडे आणत, आणि मास्तर खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पाहा, मी हातही लावून नाही राहिलो!"

"बसा जरा वहिनी," आमच्या घरातून हाक जाई.

"बसली तर सायन्स थांबते ना बाई," असं म्हणून वहिनी पुन्हा विहिरीकडे.

त्याच सुमारास राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही मराठी बोलणारे भोपाळच्या पदरात पडलो. शाळेत मधल्या सुट्टीत नुसती भांडणं. कोणी रडे, कोणी नकाशा फाडे. मास्तर मात्र आपल्याच दुःखात. ते पाण्याच्या बाटल्या नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवत, तिथून उत्तर आलं, की तुम्ही आता परराज्यातले. "अरे, पान्याले राज्य समजते काय?" ते ओरडले. त्या दिवसापासून यंत्रालाच शेवटचा शब्द मिळाला.

आणि गुणाबाईच्या बकऱ्या मेल्या. आमच्या आळीच्या टोकाला राहणारी ही विधवा बाई बकऱ्यांवर घर चालवी. सगळ्या एकाच दुपारी पाय ताणून पडल्या. घरात नवी सून आलेली. लोकांनी लगेच निदान केलं: सुनेची नजर. पोरीला मोहगावला माहेरी धाडून दिलं, पुन्हा न आणण्यासाठी.

मास्तरांनी एवढंच विचारलं, "बकऱ्या पानी कुठी पेल्या होत्या?"

पाटलांच्या संत्र्याच्या बागेतल्या हौदावर. किडीचं औषध फवारून झालं की गडी पंप तिथेच धूत. मास्तर पिंप भरून घेऊन आले. यंत्र सुरू झालं. वहिनीही सुरू झाल्या. शेवटी त्या आटवलेल्या पाण्यात मास्तरांनी कसलासा वायू सोडला आणि साऱ्या आळीत सडक्या अंड्यांचा वास भरला. माळकरी शेजाऱ्यांनी देव झाकून ठेवले. वाडग्यात पिवळाजर्द गाळ बसला.

"सोमल! आर्सेनिक!" मास्तर आनंदाने नाचायचेच बाकी होते. मेलेल्या बकऱ्यांच्या मालकिणीपुढे इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

तसेच वाडगं घेऊन ते पाटलांकडे गेले. मीही गेलो. पाटील दर हंगामात शाळेच्या मास्तरांना संत्र्यांची टोपली पाठवत, तेव्हा मी अर्थातच तटस्थ होतो.

"पिवळं तं हळदीनंही होते मास्तर," पाटील म्हणाले.

"मंग प्या!" मास्तरांनी वाडगं त्यांच्या तोंडापुढे धरलं.

पाटील प्याले नाहीत. भरल्या ओट्यावर सगळ्यांनी ते पाहिलं. दुसऱ्याच दिवशी गुणाबाई मोहगावला जाऊन सुनेला घेऊन आली, आणि हौदाभोवती काट्यांचं कुंपण पडलं. पाटलांची भोपाळपर्यंत ओळख होती. नवं राज्य लांबरुंद होतं. मास्तरांची बदली थेट त्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंदी मुलखातल्या रीव्याला झाली. आळीने सुटकेचा श्वास घेतला, शब्दशः घेतला.

काही वर्षांनी, हिंदीतून कसं शिकवावं हे शिकायला सरकारने आम्हा काही मराठी मास्तरांना रीव्यालाच धाडलं. एका संध्याकाळी पत्ता शोधत त्यांच्याकडे गेलो. अंगण स्वच्छ, मोकळं.

"यंत्र कुठे आहे?"

"बांधलंच नाही." मास्तर हळू आवाजात म्हणाले, "हिचे गुडघे गेले. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, बाईनं एवढं ओझं कायचं वायलं?"

वहिनी लंगडत उठायला लागल्या, तर मास्तरांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि चहा ठेवायला स्वतः आत गेले.

"इथं त्यायले लय मान हाय," वहिनी मला म्हणाल्या. "सारे मास्साब, मास्साब करतेत. पन बोलावं कोनाशी? माझं बोलनं तं त्यायले पाठ झालं."

चहा चुलाणासारखा धुरकट झाला होता. मी गावाकडच्या गोष्टी सांगू लागलो. संत्र्याचा भाव, शाळेतली भांडणं, कोणाची पोर कुठे दिली. मास्तरांनी एकदाही माझं बोलणं खोडलं नाही. सांगण्यासारखं संपलं तशी मी टोपी उचलली.

"बसा ना. बोला काहीबी."

"आता काय बोलू मास्तर?"

"शिव्या द्या," ते म्हणाले. "तिकडं देत होते तशा. इथं मले कोनी येडा बी म्हनत नाही."

ते हसत नव्हते. मी तोंड उघडलं. पंधरा वर्षं भिंतीच्या अलीकडून ज्या माणसाला मी रोज मनसोक्त शिव्या दिल्या, त्याच्यासमोर मला एकही आठवेना. मी टोपी खाली ठेवली आणि आणखी एक कप चहा मागितला.