लटारीभाऊंचा उलटा हात

लटारीभाऊ कोणतंही दार सरळ उघडत नाहीत. आधी हाताची पाठ दाराला टेकवतात, डोळे मिटून क्षणभर थांबतात आणि मगच कडीला हात घालतात. मग ते बँकेचं दार असो की लग्नघरातला फ्रिज. एकदा बल्लारपूर स्टेशनवर संडासाच्या दाराला हात लावून उभे होते. आतला माणूस बाहेर आला तो दचकलाच. "थंडं आहे, काई भेव नाई," म्हणून भाऊंनी त्यालाच धीर दिला.

आमच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात एक जळकं घर आहे. विटांच्या तीन खोल्या, आत गॅसचे बर्नर, लोखंडी पत्रे आणि धुराचं यंत्र. नव्या जवानांनी खऱ्या आगीत जाण्याआधी इथे भाजून निघायचं. मी त्यांचा शिक्षक. आयुष्यभर कारखान्यात बॉयलर सांभाळलेल्या लटारीभाऊंना निवृत्तीनंतर आम्ही बोलावलं, आणि या घराची सगळी तापवणी त्यांनी जुळवली. चंद्रपूरच्या मे महिन्यात माणसं तापवायला यंत्र लावणारे जगात आम्हीच! माझं तर आता असं झालंय की आग लागली तरी आधी कंटाळा येतो.

नकाशात फक्त खोल्या तापायच्या होत्या. भाऊंनी मात्र दारातही आतून हीटरची पट्टी बसवली. मी विचारलं, "भाऊ, हे काय नवीन?"

"आग खोटी चालते सायेब, चटका खरा पायजे. दार गरम लागलं का समजावं, मांगं आग आहे. इथी थंड दाराची सवय लागली का जवान तिकडं खऱ्या आगीत मरते."

मागच्या आठवड्यात वरचे साहेब तपासणीला आले. भाऊ मागून ओरडत होते, "उलटा हात सायेब, उलटा!" साहेबांनी ऐटीत सुलट्या हाताने कडी धरली आणि अशी बोंब ठोकली की बाहेर कवायत थांबली. बोटांना बर्फ लावत त्यांनी हुकूम दिला, "सोमवारपर्यंत ती पट्टी काढा." मी म्हटलं, "जी." वाद घालायला अंगात त्राण कुठे होतं?

संध्याकाळी हे सांगायला मी भाऊंसोबत त्यांच्या घरी गेलो. स्वतःच्या घराच्या पत्र्याच्या दारापाशीही तेच! उलटा हात, डोळे मिटलेले. या वेळी फारच वेळ. दिवसभर उन्हात उभं राहून माझे पाय भरून आले होते. मी वैतागलो.

"अहो भाऊ, कुलूप लावून गेला होता ना? आत कोण आग लावून बसलंय?"

"कोणी नाई सायेब." त्यांनी हात काढला नाही. "घरची बाई होती तवा चूल या दाराच्याच मांगं होती. ड्युटीवून आलो का हात लावो. पत्रा गरम लागला का समजो, भात शिजून राह्यला. तीन वर्सं झाले, मांगं कोणी नाई. पण हात ऐकत नाई."

मी पायरीवर टेकलो.

"तुमच्या जळक्या घराचं दार बराबर तसं लागते मले. म्हणून सकाळी सगळ्याच्या आधी येतो. पण तेबी मलेच तापवा लागते. आयतं गरम नाई भेटत."

त्यांनी कुलूप उघडलं. आत अंधार होता, चुलीवर भांडं उपडं घातलेलं. पट्टीचा विषय मी काढलाच नाही.

सोमवारी मी साहेबांना लिहून कळवलं, "दार गरम असणे शिक्षणास आवश्यक आहे." खाली सही ठोकली. आता काय करायचं ते करा म्हणावं.

आणि त्या दिवशी भाऊंच्या आधी पोचून मी पट्टी चालू केली. अगदी मंद ठेवली, चुलीइतकी. भाऊ आले, चपला काढल्या, सवयीने उलटा हात दाराला लावला.

मग वळून माझ्याकडे पाहिलं. हात तसाच दारावर होता.

"भात झाला वाटते, सायेब," ते म्हणाले.