बकुळाबाईंनी चौक मिळविला त्याची हकीकत

आज्ञा जाहली की, लोअर परळच्या मैत्री चाळीतील बायकांनी खोताचे वाडीवर चालून जाऊन जो पराक्रम केला, तो पुढील पिढ्यांस कळावा आणि मागाहून कोणी पदरचे तिखटमीठ लावू नये, म्हणोन जैसे घडले तैसे लिहून ठेवावे. त्यावरून ही हकीकत चाळीचे दप्तरी दाखल केली असे. क्रिकेटचा गंध नसलेल्यांनीही वाचावी, कारण मामला मुलुखाचा आहे.

मुलूख म्हणजे चाळीचा चौक. बावीस पावले लांब, चौदा रुंद, एका अंगास पाण्याची टाकी. रविवारी सकाळी सात ते बारा तेथे पुरुषांचा अंमल आणि त्यांचे क्रिकेट. बकुळाबाई एकतीस वर्षांमागे नवरी होऊन चाळीत दाखल जाहल्या, तेव्हापासून चौकात त्यांचे पाऊल पडले ते हाती बादली नाही तर कचऱ्याचा डबा घेऊनच. बाकी सारे दर्शन तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून. चेंडू उडून वर आला की बाई पापड वाळत घालता घालता एका हाताने झेलीत, आणि मग कमरेच्या कापडी पिशवीत टाकून घरात जात, आणि खालून कितीही अर्जविनंत्या आल्या तरी माघारी देत नसत. चाळ म्हणे, बाई खाष्ट. खरी गोष्ट अशी की, बाईंस चेंडू फार आवडे. दार लोटून घेऊन त्या तो हातात घोळवीत, भिंतीवर हळूच एकदा आपटीत, आणि मग तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवीत. काही चेंडूंवर पेनाने नावे होती. ती त्या वाचीत आणि झाकण लावीत. हे गुपित खुद्द यजमानांसही ठाऊक नव्हते.

यजमान राजमान्य राजश्री सीतारामराव, चाळ कमिटीचे चिटणीस आणि चौकाचे वहिवाटदार. त्यांच्या सूनबाई प्रिती, काचेच्या कचेरीत नोकरीस, यांनी कमिटीपुढे अर्ज गुदरला की, रविवारची सकाळ बायकांस खेळावयास मिळावी. सुनेस तोंडावर नाही म्हणणे बरे दिसेना, म्हणोन रावांनी मसलत करोन फर्मान काढिले की, गिरगावात बायकांचा पाच षटकांचा चषक भरतो तो जिंकून आणावा, मग चौक कायमचा तुमचा. न आणल्यास हा विषय मिटिंगमध्ये पुन्हा काढू नये. दोन्ही पक्षांनी सही केली.

फौज सात जणींची. त्यात स्पर्धेचा दंडक असा की, एक बाई पन्नाशीपुढील असावी. चाळीतील एकीने गुडघे सांगितले, दुसरीने शुगर सांगितली, तिसरीने मालिका सांगितली. मग प्रितीबाईंनी सासूस विचारले. बकुळाबाई मनातून हरखल्या, परंतु मुद्रा खाष्टच ठेवून त्या इतकेच वदल्या, "बघू. पापड आटपले तर येते." सामन्याच्या दिवशी पापड सकाळी सहालाच आटपले.

डिसेंबराचे दुसरे रविवारी फौज जयभीम करोन दोन टॅक्सींत बसली आणि गिरगावी खोताचे वाडीत उतरली. तेथील सरदारीण फ्लोरीबाई, वय एकसष्ट, लाकडी घराच्या मालकीण. त्यांच्याच घरापुढील फरसबंद अंगणात रणांगण. हाती रबरी चेंडू, गोलंदाजी खालून. पंच हितेंद्र, दादरचे, दोन्ही पक्षांस परके, यांनी कायदे वाचून दाखविले की, चेंडू एक टप्पा पडून एका हाताने धरिला तरी फलंदाज बाद, मात्र दोन हातांनी धरिल्यास नाही, आणि फ्लोरीबाईंचा लाकडी जिना मैदानातच मोजावा.

दोन गनीम वाटेत गारद करोन मैत्री चाळ अंतिम सामन्यास पोहोचली, आणि गाठ पडली ती खुद्द खोताचे वाडीशी. चाळीने चाळीस धावा उभारिल्या. वाडीने पाठलाग मांडिला, आणि शेवटी दोन चेंडू आणि आठ धावा उरल्या. फळी मेलानीच्या हाती, ती फ्लोरीबाईंची नात. चाळीने मनातल्या मनात गुलाल उधळिला.

मेलानीने चेंडू उंच मारिला. तो जिन्यापाशी एक टप्पा पडला आणि बकुळाबाईंनी दोन्ही हातांनी धरिला. आणि मग जे घडले ते कारकुनाने नाइलाजाने लिहिले असे. एकतीस वर्षांची सवय. बाईंनी चेंडू कमरेच्या पिशवीत टाकिला, नाडी ओढिली, आणि जिना चढू लागल्या.

"आई! बॉल टाका! आई, पळतायत त्या!"

बाईंच्या कानी तो नित्याचाच आक्रोश पडला, म्हणोन त्या अधिकच ठामपणे चढल्या. वाडीच्या बायका धावत होत्या. अखेर फ्लोरीबाई मागून येऊन पदर धरून म्हणाल्या, "बकुळा, हे माझं घर हाय गं. तुझं परळला." तेव्हा बाई भानावर आल्या. तोवर सहा धावा निघाल्या होत्या.

आता एक चेंडू, दोन धावा. जिंकलेली लढाई आपल्या पिशवीत बुडाली, हे जाणून बाईंस रडूच कोसळले. प्रितीबाईंनी सासूवर आवाज चढविला नाही, ही त्यांची थोरवी. दात आवळून हुकूम केला, "आई, तुम्ही तिथंच वर उभ्या राहा. प्लीज. हलू नका." बाई वरच्या पायरीवर कठडा धरून उभ्या राहिल्या.

मेलानीने सर्व बळ एकवटून अखेरचा वार केला. चेंडू अंगणावरून, सहा जणींच्या डोक्यावरून, वर वर आला. खाली सर्वांस तो सुटलाच असे वाटले. परंतु बकुळाबाईंस तो ओळखीचा वाटला. असाच येई, कठड्याशी, किंचित डावीकडे. त्यांनी डोळे पुसले, कठड्यावरून वाकल्या, आणि एका हाताने टिपला.

पंचांनी बोट वर केले. फत्ते जाहली. बाईंचा हात पिशवीकडे गेला आणि शरमेने थबकला. फ्लोरीबाई हसून म्हणाल्या, "ने गं घरी. आता तुझाच तो." आणि मग केक वाटिला.

पुढील रविवारी सकाळी सात वाजता चौकाचा ताबा जाहला. प्रितीबाईंच्या पहिल्याच फटक्याने चेंडू तिसऱ्या मजल्यावर गेला. तेथे पापडांवर नव्याने नेमिले गेलेले सीतारामराव होते. त्यांनी तो धरिला, खिशात घातला आणि जाहीर केले की मिळणार नाही.

बकुळाबाईंनी वर पाहिलेही नाही. टाकीशेजारी तांदळाचा डबा आणून ठेविला होता, त्याचे झाकण काढिले. आत काठोकाठ चेंडू. सारी चाळ कठड्यांवर ओणवी जाहली. बाईंनी वरचा एक उचलून गोलंदाजाकडे दिला. त्यावर निळ्या पेनाने 'सीताराम' लिहिले होते.

"अगं! तो माझा बॉल! सत्त्याण्णवचा! घरभर शोधला होता गं मी!"

"मग खाली या," बाई म्हणाल्या. "टाकीमागं उभे राहा. तिथं कोणी नाही."

राव पापड तसेच टाकून, चपला घालून तीन मजले उतरोन टाकीमागे येऊन उभे राहिले. सबब चौक रविवारी सात ते बारा बायकांकडे कायम, आणि पुरुषांस गरजेप्रमाणे खेळवावे, असा ठराव जाहला. चिटणीसांची सही असे. कमिटीचा शिक्का सापडेना, म्हणोन ओला चेंडू कागदावर उमटविला असे.